पडद्यामागचं हापीस

आमच्या कंपनीचं ऑफिस पुण्यात, एका चकचकीत काचेच्या इमारतीत आहे. माझं ऑफिस मात्र उमरग्यात, हायवेपासून हाकेच्या अंतरावर, अब्बांच्या शिलाईच्या दुकानात होतं. पुढे अब्बांचं मशीन, कापड बेतायचं टेबल आणि गिऱ्हाइकांचं बाकडं. मागे माझा लॅपटॉप आणि प्लॅस्टिकची खुर्ची. मधे एक पडदा, उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून अम्मीने शिवलेला. त्यात शाळेच्या गणवेशाचा खाकी होता, कुणाच्या तरी सफारीचा राखाडी होता आणि एक जांभळा तुकडा होता, ज्याचं गिऱ्हाईक कोण असावं याचा मी बरेचदा विचार केला आहे. बैठकीत कॅमेरा सुरू केला की माझ्या मागे पुण्याच्या ऑफिसची भिंत दिसायची. तो फोटो मी एकदा तिकडे गेले असताना काढून आणला होता, कोपऱ्यातल्या कुंडीसकट.

काम विम्याच्या दाव्यांचं. लोकांची गाडी ठोकली जाते, ऑपरेशन होतं, त्यांचे कागद आमच्याकडे येतात आणि आम्ही ते तपासतो. त्याला पुणं लागत नाही आणि काचही लागत नाही. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना घरी धाडलं तेव्हा मी उमरग्याला आले. नवऱ्याशी फारकत त्याच्या बरीच आधी झाली होती, त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

पुढच्या वर्षी अम्मी गेली आणि अब्बांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. जन्मभर त्यांच्या सुईत दोरा अम्मीने ओवला होता. काज-बटण तिचं, तुरपाई तिची आणि सकाळी दुकान उघडलं की सुया ओवून ठेवायचं कामही तिचं. एकाच रिळाच्या दोऱ्यात ती ओळीने डझनभर सुया ओवून ठेवायची. अब्बांनी एक सुई पुढे सरकवायची, लागेल तेवढा दोरा ओढायचा, तोडायचा. बाकीच्या मागे रांगेत उभ्या. ती गेल्यावर अब्बा ओट्यावर बसून राहू लागले. जेवायला बोलावलं तर येत, बोलवायला विसरले तर येत नसत. विचारलं तर म्हणत, "सुईचं नेढंच दिसंना गं. शिलाई हाताला ठावी हाय, पन दोरा कोन ओवनार?" मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, डॉक्टरांनी चष्मा दिला. चार दिवसांनी अब्बा म्हणाले की चष्मा बसत नाही, डोकं दुखतं आणि आता तर तो सापडतही नाही.

मग मीच एका सकाळी शटर वर केलं, माझं टेबल पडद्यामागे टाकलं आणि रिळात सुया ओवून त्यांच्यासमोर ठेवल्या. दुपारपर्यंत मशीन सुरू झालं. तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. लॉगिन करायच्या आधी मी सुया ओवायच्या, मशीनची सुई तुटली की अब्बांनी पडदा हलवायचा आणि मी बैठकीतून "एक मिनिट" म्हणून उठायचं. मी पुण्याला गेले तर त्या आठवड्यात शटर पुन्हा खाली येणार, याबद्दल मला जराही शंका नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच कंपनीला आमची आठवण आली. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचं, असा हुकूम निघाला. एकत्र बसल्याने आपुलकी वाढते, असं त्यात लिहिलं होतं. दारातल्या यंत्राला कार्ड लावलं की हजेरी. मग काय, आमची कार्डं ऑफिसला जाऊ लागली. माझं कार्ड पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या पर्समध्ये राहायचं. तिच्याच पर्समध्ये लातूरच्या एकाचं आणि बार्शीच्या एकीचंही कार्ड होतं. ती बिचारी सकाळी यंत्रासमोर उभी राहून पत्ते वाटल्यासारखी कार्डं लावायची. कार्डं हजर, माणसं आपापल्या गावी आणि काम वेळेच्या आधी पुरं. कंपनीची आपुलकी वाढली असेलच.

यात मोठी गंमत अशी की मी टीमची प्रमुख होते. म्हणजे लोकांना ऑफिसला यायला लावणं हे माझं काम. मी दर सोमवारी कडक शब्दांत मेल पाठवायची आणि पाठवून झाला की अब्बांच्या सुया ओवायची. माझ्या वर एक साहेब होते. गोरेगोमटे, पुणेरी, सभ्य, शिस्तीचे पक्के. त्यांचा शुक्रवार ठरलेला. शुक्रवारी दुपारी बैठक आणि त्या दिवशी प्रत्येकाने ऑफिसातच असलं पाहिजे. ते स्वतः मात्र शुक्रवारी कॅमेरा सुरू करत नसत. नेटवर्क नाही म्हणत. काचेच्या इमारतीत नेटवर्क नाही, हे आम्ही सगळे मान दिल्यासारखं ऐकून घ्यायचो.

अब्बांना मी बजावून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर लेक पुण्याला असते म्हणायचं. अब्बांना हे खोटं फार आवडलं. ते न विचारताच सांगू लागले. पडद्याआड मी चहा पीत असायची आणि पुढे अब्बा गिऱ्हाइकाला सांगत असायचे, "लेक पुन्याला हाय. मोटी सायेब हाय. लई बिझी." घरात आम्ही दखनी बोलतो, पण दुकानात मराठीच बोलायचं हा अब्बांचा कायदा. गिऱ्हाइकाला वाटायला नको की त्याच्याचबद्दल काहीतरी चाललंय.

तर असाच एक शुक्रवार. अब्बा जुम्म्याची नमाज पढून आले, जेवले, मशीनवर बसले. बैठकीला थोडा वेळ होता म्हणून मी टेबलावर डोकं टेकलं होतं. दुकानासमोर गाडी थांबली. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "काका, जरा अडचण झाली आहे. टायर बघायला वाकलो आणि पँट मागून उसवली. लगेच टाका घालून द्याल का?"

माझी झोप खाडकन उतरली. तो आवाज मी आठवड्यातून चारदा कानात घालून ऐकत होते.

"द्या की," अब्बा म्हणाले. "ही लुंगी गुंडाळा आन बसा. कुठं निगालाव?"

"हैदराबादला. बायकोची नोकरी तिकडे, मुलं तिकडे. दर शुक्रवारी जातो."

"आन तुमची नोकरी?"

"पुण्याला."

"आता गं बया! माजी लेक बी पुन्यालाच आसती. हापिसात."

मी श्वास धरून बसले. साहेबांनी "अच्छा, कुठल्या कंपनीत?" असं विचारलं. अब्बा म्हणाले, "नाव इंग्रजी हाय सायेब, माज्या जिभंला येत न्हाय." कंपनीचं नाव त्यांना स्पेलिंगसकट पाठ होतं. जीव भांड्यात पडतो न पडतो तोच साहेब म्हणाले, "काका, माझी एक मीटिंग आहे. इथेच बसून घेतली तर चालेल ना?" आणि माझ्या लॅपटॉपवर बैठकीची खूण लुकलुकू लागली.

न जावं तर गैरहजर, जावं तर पडद्याआडून पकडले जाणार. गेले. कानात इअरफोन घातले, कॅमेरा लावला, मागे भिंत आणि कुंडी. साहेब बोलू लागले. आमच्या बैठका इंग्रजीत सुरू होतात आणि दुसऱ्या वाक्याला मराठीत येतात. "मित्रांनो, ऑफिसमध्ये प्रत्यक्ष असण्याला पर्याय नाही," ते म्हणाले. ते मला कानातूनही ऐकू आलं आणि पडद्यातूनही. लातूरचा लगेच म्हणाला, "सर, तुमचा आवाज दोन-दोनदा येतोय. आणि मागे शिलाई मशीन चाललंय का?"

मी झटकन माझा माइक बंद केला. साहेब म्हणाले, "इथे ऑफिसात दुरुस्तीचं काम चालू आहे." बार्शीची म्हणाली, "हो सर, माझ्याकडेही ऐकू येतंय." ती बार्शीत होती.

आता मला पाहिल्याशिवाय राहवेना. खाकी आणि जांभळ्याच्या मधली शिवण जरा सुटली होती, तिथे डोळा लावला. बाकड्यावर साहेब बसले होते. वर कडक इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खाली अब्बांची चौकड्याची लुंगी आणि पायात चकाचक बूट. हसू दाबायला मी ओढणी तोंडात कोंबली. तेवढ्यात कट्ट असा आवाज झाला आणि मशीन थांबलं. मशीनची सुई तुटली होती.

आता पडदा हलणार, मी उठणार, सगळं बाहेर येणार. पण पडदा हलला नाही. अब्बांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग बटणांचा ड्रॉवर उघडला, तळाशी हात घातला आणि चष्मा काढला. तोच, डॉक्टरांनी दिलेला, न सापडणारा. नाकावर चढवला, नवी सुई बसवली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका झटक्यात ओवलं. दुसऱ्यांदा प्रयत्न करावा लागला नाही. चष्मा परत बटणांखाली गेला आणि मशीन सुरू झालं.

मी जागच्या जागी पेटले. रोज सकाळी मी सुया ओवतेय, नोकरी पणाला लावून बैठकीतून उठतेय, आणि हे म्हातारबुवा ड्रॉवरमध्ये डोळे घालून बसलेत! ओरडावंसं वाटलं, पण ओरडायची सोय नव्हती. आणि नेमक्या त्याच क्षणी कानात साहेबांनी माझं नाव घेतलं आणि विचारलं, "तुमच्या टीममधलं आज कोण कोण ऑफिसला आलंय?"

तापलेल्या डोक्याला भान राहिलं नाही. मी माइक सुरू केला आणि उमरग्याच्या बाजारात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "सर, सगळे हजर आहेत! एकूण एक!"

पुढे मशीन थांबलं. मी शिवणीतून पाहिलं. साहेब पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी खाली स्वतःच्या लुंगीकडे पाहिलं, लुंगीतून बाहेर आलेल्या बुटांकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"छान," ते फोनमध्ये म्हणाले. "तुमचा आवाज आज अगदी स्पष्ट आला. सगळेच ऑफिसात आहेत म्हटल्यावर प्रश्नच मिटला. बैठक संपवू या."

पँट चढवून ते निघाले. जाताना अब्बांना म्हणाले, "तुमची मुलगी पुण्याला असते म्हणालात ना, काका? असू द्या. चांगलं असतं पुण्याला." मग गाडी हैदराबादच्या दिशेने गेली.

अब्बा पडदा सारून आत आले. "कोन व्हता गं त्यो? तू वरडलीस कशापाई?"

"बैठक होती," मी म्हणाले. चष्म्याचा शब्द काढायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मिटलं. ते घाबरले होते. मी का ओरडले याला नव्हे, मी काय पाहिलं याला. मग मला कळलं की या माणसाला सुई दिसत होती, पण सुई दिसते म्हटल्यावर लेक जाईल, हेही दिसत होतं. मला राग आलाच होता, तो लगेच गेला नाही. पण त्याच्या खाली इतकं बरं वाटत होतं की डोळे भरून आले. एका घराने मला परत धाडलं होतं, कंपनीला मी खुर्ची भरायला हवी होते. आणि इथे कुणीतरी मला ठेवून घ्यायला स्वतःचे डोळे लपवले होते.

पुढे कंपनीने आणखी दोर आवळले. कार्डाबरोबर चेहराही दाखवायचा, असं ठरलं. चेहरा काही पर्समध्ये मावत नाही. ज्यांची खरी अडचण असेल त्यांनी कारण कळवावं, असं आलं तेव्हा मी लिहिलं, वडिलांना दिसत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, माझ्याशिवाय त्यांचं दुकान बंद पडेल. हे लिहिताना बोट अडखळलं नाही. कारण मंजूर करायचं साहेबांनी, ज्यांच्यासमोर अब्बांनी एका झटक्यात दोरा ओवला होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "कायमची सवलत मंजूर. वडिलांची काळजी घ्या. शिवण अजून पक्की आहे." त्यानंतर शुक्रवारच्या बैठकीत ऑफिसच्या हजेरीचा विषय निघाला नाही.

मी अजून सकाळी सुया ओवते. अब्बा अजून म्हणतात, "लई बेस झालं बग, मला कुठलं दिसतंय."

परवाची गोष्ट. दोरा जाईना. उजेडाकडे धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं, टोक ओलं करून पाहिलं. चाळिशी उलटली माझी. अब्बा मशीनवरून बघत होते. त्यांचा हात आपोआप पुढे आला, "आन इकडं" असं तोंडातून निघालंसुद्धा, आणि हात मधेच थांबला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग अब्बांनी बटणांचा ड्रॉवर उघडला, खाली हात घातला आणि चष्मा माझ्यापुढे धरला.

"ह्यो लावून बग. कुन्या गिऱ्हाइकाचा ऱ्हायलाय."

मी लावला. सुईचं नेढं मोठं, स्वच्छ दिसलं. दोरा पहिल्याच झटक्यात गेला.

"गिऱ्हाईक परत मागायला आलं तर?" मी विचारलं.

"न्हाय येत," अब्बा मशीनकडे वळत म्हणाले. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."