मखमलीखालची साडी

त्या खुर्चीची फिर्याद मला अजून शब्दन्‌शब्द आठवते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. रत्नागिरी शहरातल्या एका ठाण्यात मी तपासाचं काम बघत होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आत आले. शर्टाला इस्त्री, पायात रबरी चपला, पाय घोट्यांपर्यंत सुजलेले.

"घरातली खुर्ची चोरीला गेली," ते म्हणाले.

ठाणे अंमलदारांनी लिहिता लिहिता विचारलं, "आणखी काय काय गेलं?"

"काही नाही. खुर्चीच."

अंमलदारांनी माझ्याकडे बघितलं. टीव्ही, मिक्सर, गॅसचा सिलिंडर सगळं सोडून गादीची जुनी खुर्ची उचलणारा चोर आम्हा दोघांनाही नवीन होता.

फिर्यादीत मालाचं वर्णन लागतं. गृहस्थांनी नीट सांगितलं. ते अलोऱ्याला जलविद्युत प्रकल्पावर कारकून होते. बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून ही खुर्ची घेतलेली. सागवानी, हातांची, पाय तिरके आणि खाली निमुळते, गादीवर हिरवं रेक्झिन. मग मी अंदाजे किंमत विचारली.

"ती कशी सांगू साहेब? ही पाच महिने अंथरुणावर आहे, खुब्याचं हाड मोडलंय. मी तिच्या उशाशी त्याच खुर्चीत बसून असतो. काल बाजारात गेलो तेवढ्यात गेली, हिचा तेव्हा डोळा लागला होता म्हणे."

पंचनाम्याला आम्ही त्यांच्या घरी गेलो. कडी-कुलूप शाबूत होतं. पुढच्याच खोलीत पत्नी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "आता कुठे डोळा लागलाय," गृहस्थ हळूच म्हणाले. आजारी बाईला कशाला त्रास द्यायचा म्हणून मी त्यांना उठवलं नाही. तो मोठेपणा मला पुढे नडला.

आठवड्याने आमच्या खबऱ्याकडून बातमी आली. तो टेम्पो चालवायचा. बंदराच्या रस्त्याला जुन्या फर्निचरचा एक व्यापारी होता, त्याच्या शेडमध्ये चादरीत गुंडाळलेली खुर्ची उतरताना त्याने पाहिली होती. आम्ही गेलो. खुर्ची होती, पण काळपट पॉलिशची, लाल मखमलीची, पुढचे पाय नक्षीदार. हाताला चिठ्ठी बांधलेली: 'इंग्रजांच्या काळातील, शंभर वर्षांपूर्वीची.'

फिर्यादींना बोलावलं. त्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली. "ही नव्हे. आमची साधी होती हो."

"गोव्याच्या एका घरातून आणलीय," व्यापारी म्हणाला. पावती मात्र त्याच्याकडे नव्हती. एक गोष्ट मला खटकली. चोरीचा माल घेणारा मालाकडे बघतो नाहीतर पोलिसाकडे. हा माणूस फिर्यादींच्या सुजलेल्या पायांकडे बघत होता.

मी जाणकार शोधला. रिक्षांच्या सीटा शिवणारे एक म्हातारे चाचा होते, उमेदीत त्यांनी कोचाच्या खुर्च्या बांधल्या होत्या. दोन पंचांसमोर त्यांनी खुर्ची उलटी केली, चष्मा पुसला आणि जोडांवरून बोटं फिरवली.

"मागचे पाय बघा साहेब. तिरके, साधे. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी सरकारी बंगल्यांत असल्याच खुर्च्या असत. पुढचे पाय आठवड्याभरातले. स्क्रू फुलीच्या खाचेचा, हल्लीचा, आणि भुसासुद्धा अजून ताजा हाय. खुर्ची खोटी नाय. वय खोटं सांगितलंय."

"आणि किंमत?"

"शंभर वर्षांची म्हणून विकलीत तर घेणारा फसेल तेवढी. खरी विचाराल तर चार-पाच हजार. लाकूड चांगलं हाय, गादीतला काथ्या अजून दबला नाय."

मग त्यांनी मागच्या कोपऱ्यातले खिळे उपसून मखमल वर केली. खाली हिरवं रेक्झिन निघालं. तेही सोडवलं तर आत आणखी एक कापड होतं, लिंबाच्या रंगाचं, बारीक निळ्या चौकडीचं.

"थांबा," फिर्यादी म्हणाले. ते गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकले आणि त्या कापडाला हात लावला. "ही हिची साडी. मुलगी झाली त्या वर्षीची. अलोऱ्याच्या क्वार्टरमध्ये गादी फाटली तेव्हा हिने आपल्या हाताने शिवून बसवली होती." चाचांनी कापड होतं तसं झाकून ठेवलं.

ओळख पटली. व्यापाऱ्याला ठाण्यात आणलं. खुर्ची तीच असल्याचं त्याने कबूल केलं. पाय बदलले, खोटं वय चिकटवलं, सगळं मान्य. पण ती दिली कोणी, यावर तोंड बंद.

"चोरीचा माल बाळगल्याबद्दल अटक करावी लागेल," मी म्हणालो.

"करा साहेब. नाव नाही सांगणार. शब्द दिलाय."

दोन तास गेले. खुर्चीचं वय खोटं सांगणारा माणूस दिलेल्या शब्दासाठी कोठडीत जायला तयार होता. शेवटी मी आवाज खाली आणला. "ज्याला शब्द दिलास त्याला घाबरतोस का?"

"घाबरायचं काय त्यात? आजारी आहेत त्या."

'त्या.' शब्द निसटला आणि त्याने मान खाली घातली.

मी महिला हवालदारांना घेऊन त्या घरी गेलो. गृहस्थ मासे आणायला गेले होते. या वेळी बाई जाग्या होत्या. आम्हाला बघून हसल्या, मग डोळे पुसले.

"चोरी मीच केली, असं लिहा," त्या म्हणाल्या. "पेपरात जाहिरात होती, फोन केला. हे बाजारात जातात तेव्हा दार नुसतं ओढलेलं असतं, तेवढ्यात तो येऊन घेऊन गेला. माझं नाव सांगू नका म्हणून त्याच्यापुढे हात जोडले मी."

"पण का?"

"पाय बघितलेत यांचे? रात्र रात्र बसून सुजलेत. त्या व्यापाऱ्यालाही हेच सांगितलं. डॉक्टर म्हणतात आडवे व्हा. ऐकतील तर शपथ! म्हटलं, खुर्चीच नसली तर झोपतील."

"मग झोपतात का?"

"कुठले ओ! आता स्टुलावर बसतात."

महिला हवालदारांनी तोंडाला रुमाल लावला. दारात गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते. सगळं ऐकलेलं दिसत होतं.

"मला सांगायचंस तरी," ते म्हणाले.

"पाच महिने काय सांगतेय?"

"मी झोपलो आणि तुला काही लागलं तर?"

"हाक मारीन. आजवर मारली नाय का?"

ते कॉटच्या कडेला बसले. मासळीची पिशवी तशीच हातात होती. बाईंनीच ती काढून घेतली.

मी जबाब नोंदवला आणि गैरसमजातून झालेली फिर्याद म्हणून 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याची शिफारस, पाठवली. न्यायालयाने ती मंजूर केली. व्यापाऱ्याने आपल्या राजीखुशीने खुर्ची परत दिली. शेडमधल्या सगळ्या चिठ्ठ्या मी त्याला माझ्यासमोर फाडायला लावल्या. दिलेला शब्द पाळलास ते बरं केलंस, असंही त्याला सांगितलं. चाचांनी तिरके पाय पुन्हा बसवले. आमच्या दोन शिपायांनी आतल्या खोलीतली दुसरी कॉट उचलून बाईंच्या कॉटला लावून दिली. गृहस्थ त्या दिवसापासून आडवे होऊ लागले.

मी या प्रकरणात कुलूप तपासलं, लाकूड तपासलं, खिळे मोजले. फक्त त्याच खोलीत पडलेल्या बाईला एक प्रश्न विचारला नाही, आणि त्याला मी दया समजत होतो. आजारी माणसाला घरात काही कळत नाही, असं आपण धरून चालतो. खरं तर दिवसभर घरावर लक्ष त्याचंच असतं.

पुढच्या दीड वर्षात कुठल्याही घरी तपासाला गेलो आणि कोणी अंथरुणावर दिसलं, की मी आधी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. बहुतेकांना गुन्ह्याबद्दल काही ठाऊक नसायचं. पण बोलायचे सगळे, आणि मी उठायला लागलो की म्हणायचे, "बसा ओ जरा."