बुरुजावरची पाणीवाली

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एक हाडवैद्य बाई होत्या. माणसांच्या हाडांना त्यांनी कधी हात लावला नाही. त्या मुलांची मोडलेली खेळणी नीट करायच्या, म्हणून हे नाव. दारात पोर उभं राहिलं की ‘ये’ नाही, ‘बस’ नाही, पहिला प्रश्न एकच : “तुकडे आणलेस?” तुकडे नसतील तर दार बंद. “तुकडे नाहीत म्हणजे एक तर ते हरवलेत, नाही तर तू खोटं बोलतोयस. दोन्हीवर माझ्याकडे औषध नाही,” असं म्हणायच्या. पोर निमूट घरी जाऊन सोफ्याखाली शोधत बसायचं.

बाईंची सगळी नोकरी एका दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्या बनवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्या बारीक करवती, कानशी आणि प्लास्टरचा डबा घेऊन गॅलरीत टेबल मांडून बसल्या. एकट्या राहायच्या आणि सदा चिडलेल्या असायच्या. लिफ्टवर, पेपरवाल्यावर, आणि सगळ्यात जास्त, दुरुस्तीला येणाऱ्या खेळण्यांवर. पिळदार दंडांचे हिरो टेबलावर ओळीनं आडवे पडलेले असत. “सगळे पुरुष,” एकदा मला म्हणाल्या. “कवळ्या मी बायकांच्याही केल्या. चावायला दोघांना लागतं. मग लढायला हे एकटेच कसे जातात गं?”

माझ्या मुलीच्या, इराच्या नवव्या वाढदिवसाला लढवय्या हिरोंचा एक बॉक्स आला. झाकणावरच्या चित्रात सहा जण होते, त्यात एक मुलगी. आत पाचच निघाले. मी म्हटलं, जाऊ दे. बाई मात्र बॉक्स काखेत मारून मला ओढतच दुकानात घेऊन गेल्या.

“मॅडम, पीस मिसिंग नाहीये. सेट पाचचाच येतो,” दुकानदार म्हणाला. “मुलीची फिगर चालत नाही.”

“कधी ठेवली होतीत?”

“नाही.”

“मग चालत नाही हे कसं कळलं?”

तो माझ्याकडे बघून कसनुसं हसला. म्हातारीचं मनावर घेऊ नका, असं ते हसणं होतं. मीही हसले. त्याबद्दल मला आजही स्वतःची चीड येते.

त्याच वर्षीच्या दिवाळीत मुलांनी पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला केला. इरानं पोत्यानं माती आणली, हळीव पेरले, पायऱ्या कोरल्या. मग किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं आली आणि मुलांनी आपापसांत वाटून घेतली. ज्याला जो मावळा मिळाला तो त्याचा. तोफवाला, भालेवाला, तुतारीवाला, सगळे गेले. इराच्या वाट्याला आली डोक्यावर घागर घेतलेली पाणीवाली.

इरा रडली नाही. पाणीवाली घेऊन तडक बाईंकडे गेली.

“तुकडे?”

“मोडली नाहीये. हिची घागर काढता येईल?”

बाईंनी ते चित्र चष्म्याजवळ धरून बराच वेळ फिरवलं. मी तिथेच होते. म्हणाल्या, “हात वरच आहे हिचा. काष्टाही घातलाय, पळता येईल. नुसती घागरच काय ती मध्ये येतेय.” दातांच्या करवतीनं घागर कापली, प्लास्टर भरलं, कवळीच्या तारेची तलवार करून त्या वर केलेल्या मुठीत बसवली. तलवारीसाठीच तो हात कुणीतरी वर केला असावा, असं वाटत होतं. बाई हसल्या. मी त्यांना मनापासून हसताना पाहिलं ते तेव्हाच. इरानं ती सगळ्यात उंच बुरुजावर उभी केली.

किल्ल्यांच्या स्पर्धेचे परीक्षक यायच्या तासभर आधी आमचे सेक्रेटरी आले. “वहिनी, ती बाई तेवढी काढा. ऐतिहासिक नाही ते. मार्क कापतील.” त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी प्लास्टिकचा जिराफ उभा होता. शेजारी कारंजं होतं, त्यात बदक फिरत होतं. त्यांच्याबद्दल सेक्रेटरींचं काही म्हणणं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती. मी काय केलं? “हो, खरंच,” म्हणाले. इरा वर नवे कपडे घालायला गेली होती. मी बुरुजावरची बाई उचलून पर्समध्ये टाकली. मुलांची मेहनत वाया जाऊ नये, वगैरे वगैरे. बक्षीस मिळालं उत्तेजनार्थ : एक स्टीलचा डबा.

“ती कुठंय?” इरानं विचारलं.

“पडून फुटली गं.”

इराकडून कळलं असावं; अर्ध्या तासात बाई माझ्या दारात. मागे इरा नव्हती, एवढंच नशीब. बाईंनी हात पुढे केला. “तुकडे दे.”

मी पर्समधून अख्खी पाणीवाली काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी नेहमीसारखी मान तपासली, मनगट तपासलं आणि ती मला परत दिली. “हिला काहीही झालेलं नाही. इराला तू सांगायचंस. मी सांगणार नाही.”

त्यानंतर लिफ्टमध्ये भेटल्या की एकच शब्द : “सांगितलंस?” मी नकारार्थी मान हलवायची. “बरं,” म्हणून त्या मजल्यांचे आकडे बघत राहायच्या. त्या ‘बरं’चा मला इतका राग यायचा की मी जिन्यानं जायला लागले. राग त्यांचा नव्हता हे मला कळत होतं. पुढच्या वर्षी गणपती उठले त्या आठवड्यात बाई झोपेतच गेल्या. मी तोवर सांगितलेलं नव्हतं. त्यांना एकदा ‘हो’ म्हणायचं राहून गेलं, ते आता कायमचंच.

दिवाळीत माती आली तेव्हा मी कपाटातून ती पाणीवाली काढून इरासमोर धरली आणि सगळं सांगून टाकलं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“बाई बोलल्या?”

“नाही. तू म्हणालीस फुटली. पण तुकडेच नव्हते.”

वर्षभर ही पोर माझ्या शेजारी बसून जेवत होती. एका शब्दानं बोलली नाही. माझ्या हातातून तिनं ती घेतली आणि किल्ला झाल्यावर स्वतः नेऊन बुरुजावर रोवली. पायथ्याशी जिराफ यंदाही होताच.

परीक्षकांच्या आधी सेक्रेटरी आलेच. “वहिनी, गेल्या वर्षीच आपलं बोलणं—”

मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात मातीनं भरलेले हात कमरेवर ठेवून इरा मध्ये उभी राहिली आणि थेट बाईंच्या आवाजात म्हणाली, “काका, आधी तो जिराफ काढा.”