ताईचा वेग

साखर माझी वाढली होती, आणि डॉक्टरांनी मला नुसतं चालायला सांगितलं होतं. पण आमच्या घरात कुठलीच गोष्ट बेताने करायची सवय नाही. पहाटे वरच्या मजल्यावरून थोरली जाऊ उतरायची आणि माझ्या खिडकीवर टकटक करायची. "चाल वं, ऊठ. अजून निजूनच राहिली का?" तिला मी ताई म्हणायचे. चालता चालता आम्ही कधी पळायला लागलो ते कळलंच नाही. पंजाबी ड्रेस आणि खाली भडक बूट घातलेल्या दोन बायकांना बघून आमचं मनीषनगर सुरुवातीला हसलं, मग कंटाळलं.

ताईचा नियम एकच होता, पळताना बोलता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटलं की चालायचं. त्यामुळे आमचा वेग घड्याळावर नाही, तिच्या गप्पांवर ठरायचा. तिचा डावा पाय जरासा घासत पडायचा, तोही त्या गप्पांतच मिसळून जायचा. हाफ मॅरेथॉन दोघींनी मिळून करायची, असं तिनेच जाहीर करून टाकलं होतं. मग गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत ती गेली.

मी पळणं सोडलं नाही, कारण ती अजून सोबत येत होती. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक लगेच अंगारे सुचवतात. माझ्या डावीकडे, अर्धं पाऊल मागे, बूट घासल्याचा आवाज यायचा. वळून पाहिलं तर रस्ता रिकामा. पहिल्या दिवशी मी घाबरून रडत घरी आले. पण पुढे भीती वेगळीच बसली. माझा वेग वाढत होता. पळणाऱ्यांच्या ग्रुपवर अंगठे यायचे, "छान प्रगती" असं लिहून यायचं, आणि मला त्या प्रगतीचा संताप यायचा. जरा जोर लावला की तो आवाज मागे पडायचा. मग मी मुकाट्याने चालू लागायचे, तो पुन्हा शेजारी येईपर्यंत.

घरातही तिची जागा तशीच रिकामी होती. भासऱ्यांशी, म्हणजे ताईच्या नवऱ्याशी, तोंडावर बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. चहा हवा का, इथपासून सगळं ताईमार्फत चालायचं. ती गेल्यापासून दोन मजल्यांमध्ये बोलणंच उरलं नव्हतं. ते हिंगण्याच्या कंपनीच्या बसने जायचे, परत यायचे, मी त्यांचं ताट झाकून वर पाठवायचे.

हाफ मॅरेथॉनच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. अर्ध्या अंतरापर्यंत मी तिच्याच वेगाने पळाले, हळू आवाजात घरातलं सगळं सांगत. शेजारून पळणारे वळून बघत होते, बघू दे म्हटलं. मग पुलाचा उतार लागला आणि माझे पाय आपोआप सुटले. इतकं हलकं मला लग्नाआधीसुद्धा वाटलं नसेल. घासल्याचा आवाज मागे पडला. थांब, असं मी स्वतःला म्हटलं, पण थांबावंसं वाटेना, आणि त्याचीच मला लाज वाटली. रडत रडत मी माणसांना मागे टाकत गेले. शेवटी शेवटी तोंडातून एक शब्द निघेल इतकाही श्वास नव्हता.

नवरा गाडी काढायला गेला होता. शेवटच्या रेषेपलीकडे भासरे एकटेच उभे होते. त्यांनी मला पाहिलं आणि सवयीने माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहिलं. ते पाहून माझ्याच्याने राहवलं नाही.

"भाऊजी, ताईले मी मागंच सोडून आली."

इतक्या वर्षांत त्यांच्याशी सरळ बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. ते निघून जातील, नाहीतर नवऱ्याला बोलावून मला दवाखान्यात न्यायला सांगतील, असं वाटलं. पण ते तिथेच राहिले, नजर रस्त्यावर.

"तिले पळणं आवडतच नव्हतं," ते म्हणाले. "रोज सकाळी माह्याजवळ कुरकुर करे. तुम्ही अंधारात एकट्या जाल, म्हणून उठे."

मीही वळून त्या रस्त्याकडे पाहिलं.

"बसू द्या आता तिले," ते म्हणाले.