वईची राखण

१ डिसेंबर २०२४, रविवार. ठरलेली रक्कम नऊ हजार रुपये, तीन महिन्यांच्या राखणीची. हजर चौघे: मी, माझा चुलतभाऊ, शेजारच्या फार्महाऊसचे शेठ आणि राखण करणारी, डोंगरातल्या वाडीवरची मावशी. बाकीच्या तीन खातेदारांनी फोनवर होकार कळवला होता. सहा जणांचे प्रत्येकी दीड हजार.

शेत वांगणीजवळ आहे. मी राहतो उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आणि जीन्सच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो. माझ्या वाट्याची खाचरं दादाच, म्हणजे हा चुलतभाऊच, करतो. भात निघालं की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात. ज्यांनी मागाहून वाल पेरले त्यांना मग फेब्रुवारी संपेपर्यंत राखणीला माणूस ठेवावा लागतो. सगळ्या शेतांना मिळून कुरणाच्या बाजूने एकच वई, काट्याकुट्यांचं कुंपण. ती शाबूत ठेवायची आणि आत आलेलं ढोर हाकलायचं, एवढं काम. आधी मावशीचा नवरा करायचा. तो वारल्यावर मावशी करू लागली.

पूर्वी राखण साडेसात हजार होती आणि शिवाय वईला लागून माझ्या शेताचा एक कडेचा तुकडा मावशीला पेरायला मिळायचा. तो कोणी दिला, कधीपासून, कुणालाच सांगता येत नाही. मला हे अर्धं रोख, अर्धं जमिनीत असलेलं कधी पटलं नाही. त्या तुकड्यात दहा-बारा किलो वाल निघत असतील, त्यांचे पैसे धरून मी सरळ दीड हजार वाढवले आणि तुकडा काढून घेतला. कागद मीच लिहिला. शेवटी एक ओळ घातली, नुकसान झाल्यास राखणीतून वळते करावे. मावशीने अंगठा दिला. नऊ हजारांत घरावरचे पत्रे होतील, एवढंच ती बोलली. खोपटं कुठे घालू, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, तुला सोयीचं असेल तिथे. आधी ते त्या तुकड्यातच असायचं; या वेळी तिने ते विहिरीपाशी घातलं, वईपासून लांब.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यात, भरदुपारी, दहा-बारा गुरं आत शिरली. शेठनी रेतीचा टेम्पो आणायला वई बारा फूट उपटली होती आणि नंतर काटे नुसते टेकवून ठेवले होते. आधी माझा तो कडेचा तुकडा साफ झाला, मग दादाची दोन खाचरं. मावशी विहिरीवरून धावत येईपर्यंत सगळं झालं होतं.

दादाचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. मुलगी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, इंग्रजी घेऊन. तिला एका जुन्या शब्दाचा इतिहास लिहायचा होता, शब्द हेवर्ड. माझं फोनवरचं बोलणं ऐकून ती म्हणाली, बाबा, हा तर आपला राखण्याच. मला आधी वाटलं, गवत कापणारा असेल. ती म्हणाली, तसं नाही, या शब्दातले दोन तुकडे म्हणजे कुंपण आणि राखणारा. सात-आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या गावोगाव असा एक माणूस असे. तो वई बघायचा, शिंग फुंकायचा, शिरलेली गुरं धरून कोंडायचा. पुढे शेतं ज्याची त्याने वेगळी बांधून घेतली, काम गेलं, शब्द आडनावांत राहिला.

मी विचारलं, त्याला देत काय होते? तिने वही चाळली. कुठे धान्य, कुठे जमीन. एका फार जुन्या लिखाणात म्हटलंय की त्याचा तुकडा कुरणाच्या कडेलाच असावा. त्याने हयगय केली तर पहिलं नुकसान त्याचं व्हावं म्हणून. आणि पीक गेलं तर भरून कोण द्यायचं? कुठे गुरांचा मालक, ती म्हणाली, कुठे कुठे हा राखणाराच.

माझं जेवण तिथेच थांबलं. तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पाणी दे.

२ मार्चला आम्ही तेच चौघे पुन्हा बसलो. दादाने नुकसान चोवीसशे सांगितलं. मी मोजून पाहिलं, आकडा बरोबर होता. शेठ म्हणाले, वई तर मी परत लावली होती, आता बाईने बघायला नको का. दादाने कागद माझ्यापुढे सरकवला.

"तूच लिवलास. आता कागदापरमानं कर."

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "माजा तुकडा व्हता तवा मी दिसभर तिथंच निंदीत बसायची. ढोराचं नाक वईला लागलं का कलायचं मला. औंदा तिथं माजं काय व्हतं, भाऊ?"

मी सांगितलं की तुकडा मी काढला, खोपट्याची जागाही माझ्यामुळेच हलली, तेव्हा माझ्या वालांचं मी काही मागत नाही आणि दादाच्या नुकसानीत माझाही वाटा धरा. दादा हसला. "उल्हासनगरात बसून वालाची राखण करतोय आमचा भाऊ." पण आकडा सोडायला तो तयार नव्हता. त्याची वर्षाची डाळ गेली होती, त्याचंही चुकत नव्हतं. शेठ तासाभराने कंटाळले आणि म्हणाले, "हजार लिहा माझे, हिसाब खतम करा."

चौदाशे उरले. मी सगळे देतो म्हणालो असतो तर तिथेच मिटलं असतं. मी ते म्हणालो नाही. कागदावर माझीच सही होती आणि त्या महिन्यात मुलीची फी भरायची होती. ही दोन्ही कारणं खरी आहेत. अर्धे मी माझ्यावर घेतले.

पुढल्या वर्षी तुकडा परत घे, असं मी मावशीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, पुढल्या साली नाय, वांगणीला बिल्डिंगीवर रोजानं जायचंय.

दादाला पोचले चोवीसशे: शेठकडून एक हजार, माझ्याकडून सातशे, मावशीच्या राखणीतून सातशे. मावशीच्या हातात आठ हजार तीनशे, रोख.