उजवीकडचं स्टिअरिंग

माझे बाबा ट्रकची बॉडी बांधायचे. कंपनीतून यायचा तो नुसता सांगाडा, इंजिन आणि चाकं. त्यावर केबिन, बाजूचे फाळके, तळाच्या फळ्या हे सगळं मूर्तिजापूरच्या एका कारखान्यात बाबांच्या हातून चढायचं. अकोल्याच्या जिनिंगला कापूस नेणारे कितीतरी ट्रक त्यांच्या हातचे. रस्त्यानं जाताना ते मागूनच ओळखायचे. "हा आपला," म्हणायचे, बस्स.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. शेतात पिकलंच नाही तर वाहायचं काय? नवी बॉडी बांधून घ्यायला कोणी येईना, जे येत त्यांना तयार लोखंडी हवी असायची. एक दिवस कारखान्याला कुलूप लागलं. बाबा हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन घरी आले आणि ती खाटेखाली सरकवली. दीड वर्ष ती तिथून हलली नाही. आई सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला जायची. बाबाही एक हंगाम गेले. वेचणीच्या बाया हसायच्या, "काहो मिस्त्री, बोंडाले रंधा मारता का?" मग तेही सुटलं.

मी तेव्हा अमरावतीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, थोडा माजच वाटतो. पावसाळा सरता सरता एकदा घरी आले, तर आई चुलीपाशी हळूच म्हणाली, "पेटी देऊन राह्यले तुये बाबा. दर्यापूरचा सुतार पाहून गेला. दिवाळीनंतर नेतो म्हणे."

"काहून?"

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिथूनच बोलले, "पडून पडून जंग चढते हत्याराले. ज्याच्या कामाचं, त्याले द्यावं."

त्यांच्या पटाशीची मूठ त्यांच्या तळहातासारखीच झिजली होती. ती दुसऱ्या कोणाच्या हातात बसली नसती. 

अमरावतीत मी एका निवृत्त सुभेदारांच्या घरी खोली घेऊन राहायचे. ते परदेशात शांतिसेनेत जाऊन आले होते. तिथं त्यांनी अमेरिकेच्या लष्कराचे ट्रक पाहिले आणि त्यांना त्यांचं वेडच लागलं. हुबेहूब छोटे ट्रक करायचे, पस्तीसात एक या मापानं. म्हणजे खऱ्या ट्रकचं पस्तीस सेंटिमीटर ते यांच्या टेबलावर एक. पण आता वयानं त्यांचा हात थरथरायचा. आठ चाकांचा एक मोठा ट्रक पुठ्ठ्यात अर्धा होऊन तसाच पडला होता. मी म्हणाले, "माझे बाबा ट्रकच बांधतात."

"खेळणं नको हं, बेटा. खेळणी बाजारात मिळतात. मिलिमीटर इकडचा तिकडं झाला तर मी घेणार नाही."

"बाबा सुतात मोजतात."

"सुतात मोजू दे. पण मोजू दे."

त्यांनी दिलेली चित्रं मी घरी नेऊन जमिनीवर पसरली. बाजूचं, वरचं, समोरचं, आणि सायबर कॅफेत छापलेले दोन धुरकट फोटो. त्यांवर कुठं एक अक्षरही नव्हतं. बाबांनी दिवसभर तिकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता विचारलं, "याचे पुढचे दोन्ही एक्सल वळते काय?"

"वळतात."

"आन् इंजिन केबिनच्या मांगं?"

"हो."

"बाप्पा!" म्हणाले, आणि कप खाली ठेवून खाटेखालची पेटी ओढली.

त्या दिवशी मी उंबऱ्यावर बसून मिलिमीटरचे सूत करून दिले. इंचाचे आठ सूत, सुताचे पुन्हा अर्धे आणि पाव. विद्यापीठाच्या कुठल्याही पेपरला मी इतकं जपून गणित केलं नसेल. मग मी अमरावतीला परतले. पुढचं सगळं बाबांनी एकट्यानं केलं. सागाच्या तुकड्यांची केबिन, पावडरच्या डब्याच्या पत्र्याचे मडगार्ड, सायकलच्या तारांचे एक्सल. टायर आईच्या जुन्या रबरी चपलेचे, त्यावरची नक्षी ब्लेडनं एकेक रेघ कोरलेली. काचा शर्टच्या खोक्याच्या प्लास्टिकच्या. पुढची चारही चाकं स्टिअरिंगबरोबर वळायची. बंपरखाली नजर लागू नये म्हणून काळा गोंडा.

मिठाईच्या खोक्यात घालून मी तो अमरावतीला नेला.

सुभेदारांनी आधी गोंडा सोडून माझ्या हातात दिला. "अमेरिकेच्या फौजेत हे नसतं." मग व्हर्निअर लावून लांबी, रुंदी, चाकं, दोन चाकांमधलं अंतर, सगळं मोजलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा मोजलं. "कमाल आहे," म्हणाले. आणि मग एकदम थांबले.

"बेटा, हा ट्रक कुठल्या देशाचा?"

"म्हणजे?"

"स्टिअरिंग उजवीकडे आहे. जादा चाक या बाजूला हवं, ते त्या बाजूला. सायलेन्सर उलटा. सगळंच उलटं आहे."

त्यांनी ट्रक उचलला आणि दाढी करायच्या आरशासमोर धरला. आरशात तो चित्रासारखा होता. तंतोतंत, सूतभरही फरक नाही.

"ठेवून घेतो मी," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी सांगू नकोस हवं तर."

दिवाळीला पंधरा दिवस होते. चूक झाली असं कळलं तर बाबा पेटी बंद करतील आणि ती दर्यापूरला जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. न सांगणं सोपं होतं. पण जो माणूस स्वतःचा ट्रक मागून ओळखतो, त्याच्यापासून हे लपवायचं? मी ट्रक मागून घेतला आणि बडनेऱ्याहून मूर्तिजापूरची पॅसेंजर पकडली.

घरी पोचल्या पोचल्या मी ट्रक बाबांसमोर ठेवला. आईचा वेणीफणीचा आरसा खिळ्यावरून काढून त्याच्यापुढे धरला. शेजारी चित्र. बाबांनी एकदा आरशात पाहिलं, एकदा चित्रात.

"मंग फोटो सुलटा होता?"

"सुलटाच होता."

"मले वाटलं, उलटा छापला, आन् चित्रं त्याच्यावरूनच काढले. फोटोवाल्याच्या हातून होते तसं कधी कधी. म्हणून म्या सुधरून घेतला. सगळाच्या सगळा." त्यांनी केबिनवर बोट ठेवलं. "डाव्या हाताले बसून कोण चालवते ट्रक?"

"ते लोक चालवतात, बाबा. तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं जातात."

"मंग आदी काहून नाई सांगतलं? तू शिकलेली ना!"

"मलेही नव्हतं मालूम."

हे खरं होतं. चित्रं मी दिली होती, मापं मी काढली होती, आणि स्टिअरिंग कुठं आहे ते मीही पाहिलं नव्हतं. आईला हसू आवरेना. "अजी, अमेरिकेचा ट्रक तुमी मूर्तिजापूरच्या रस्त्यासाठी पास करून घेतला!" बाबांनी तिच्याकडे डोळे वटारले, पण मिशीखाली तेही हसत होते. मग त्यांनी तो ट्रक उचलला, पुढची चाकं एकदा वळवून पाहिली आणि कोनाड्यात ठेवला.

"हा आपला," म्हणाले.

आणि खाली बसून पेटीतून काटकोन तपासायचा गुण्या काढला. "चित्र सरकव इकडं. आन् चप्पल शोध एखादी. टायर नवे लागतीन."

आईनं पायातली काढून दिली.

दर्यापूरचा सुतार दिवाळीनंतर आला, चहा पिऊन गेला. सुभेदारांनी दुसरा ट्रक मोजून घेतला आणि त्याच्या खालच्या फळीवर स्वतःच्या हातानं बाबांचं नाव लिहिलं, नावाआधी 'मिस्त्री'. अक्षर थोडं कापरं आलं. पुढं त्यांच्या ओळखीच्या माजी सैनिकांनीही आपापले ट्रक मागितले. मी बी.एस्सी. झाले. पेटी घरातच राहिली. त्या पेटीतून बाबांनी एकूण अकरा अमेरिकन ट्रक बांधले, आणि पहिला सोडला तर प्रत्येकाचं स्टिअरिंग डावीकडे आहे.