आतोबांचा कान

आमच्या आतोबांइतका नालायक दुकानदार साऱ्या बंगळुरात झाला नाही, आणि माझ्याइतकं हलकट गिऱ्हाईक त्यांना दुसरं भेटलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लढाई संपून गोरी पलटण आपल्या मोटरसायकली टाकून गेली, तेव्हापासून चामराजपेटेतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असल्या जुन्या गाड्यांची इंजिनं घ्यायची आणि विकायची, हा त्यांचा धंदा. विकायची कसली, गिऱ्हाइकाला हाकलायचं! आधी त्याची गाडी चालू करायला लावत, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवत, लाकडी मूठ कानाशी धरून डोळे मिटत. एका वकिलाला म्हणाले, "अण्णा, इंजिन उत्तम आहे. चालवणारा तेवढा बदला." डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली, तर ह्यांनी अंगणात जाऊन डॉक्टरांची मोटार तपासली, आणि पथ्य दोघांनाही लागलं. विकत घेतलेलं इंजिन पसंत पडलं, की त्याच्या बोल्टांवर लाल रंगाचा एकेक ठिपका देत. कुणी उघडलं की ठिपका तडकायचाच. "ठिपका शाबूत, तोवर जबाबदारी माझी," असं म्हणत, आणि ती निभावत.

वयाच्या साठीच्या सुमारास त्यांच्या कानाने दगा दिला. हे आत्याला ठाऊक नव्हतं, बाजाराला नव्हतं; मला होतं. दर रविवारी ते मला शेडमध्ये बोलावत आणि मूठ माझ्या कानाला लावत. "स्वल्प ऐक रे. तुझे कान कोवळे आहेत." सव्वीस वर्षांच्या सरकारी इंजिनियरचे कोवळे कान! मी ऐकायचो, खरं सांगायचो, ते मान हलवायचे. कानाविषयी ना ते बोलले, ना मी विचारलं.

मग कुर्गच्या कॉफीच्या मळ्यावरून ते इंजिन आलं. काय देखणं होतं! आतोबांनी ठिपके आधीच दिलेले. आणि माझ्या दारात मी हौसेने घेतलेला मोटरसायकलचा बिनइंजिनाचा सांगाडा सहा महिने पावसात भिजत होता. हे इंजिन माझ्या पगारात कुठलं बसायला? त्या रविवारी आतोबांनी मूठ माझ्या कानाला लावली. आवाज स्वच्छ होता, अगदी झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखा. "ठोका आहे? आत काही आपटतंय?" त्यांनी विचारलं. स्वस्तात पदरात पडेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. बोटाने खाली दाखवत मी ओरडलो, "आहे आतोबा, खालच्या अंगाला."

ते स्टुलावर बसले. "घेताना मी स्वतः ऐकलं होतं रे," असं दोनदा म्हणाले. मग एक पैसा न घेता इंजिन माझ्या हवाली केलं. "खोटा माल मी विकत नाही. बसव, नाहीतर भंगारात घाल." मला वाटलं, लॉटरी लागली. दुसऱ्या आठवड्यात कळलं, की उरलेली सगळी इंजिनं त्यांनी एकगठ्ठा देऊन टाकली आणि शेडला कुलूप घातलं. त्या स्क्रूड्रायव्हरने आत्या डब्यांची झाकणं उघडू लागली. मी सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो आणि रोज कच खायचो, लाज वाटते आज.

पुढे दिवाळीला ते आमच्याकडे आले, तेव्हा मी नेमकी ते इंजिन बसवलेली मोटरसायकल चालू करून पुशीत होतो. ते जवळ आले. कानाचा उपयोग नव्हताच. त्यांनी टाकीवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग वाकून एकेका बोल्टावरून बोट फिरवलं. लाल ठिपके सगळे शाबूत होते, एकही तडकलेला नव्हता. ते उठले, धोतराला हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरी, ठीक आहे. दुरुस्त छान केलंस हो." आणि फराळाला आत गेले.

त्या इंजिनावर मी पुढे नऊ वर्षं गाडी हाकली. आतोबा त्यातली चारच होते. एकदा, निदान एकदा तरी ते बिघडायला हवं होतं.