दोरीवरचा पायजमा

दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन आला की हे गॅलरीत जातात आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहतात. आतड्याचं दुखणं जुनं आहे, पण असल्या गोष्टी आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. सिस्टरांनी ते ओळखलंय. सगळे अवघड शब्द त्या स्वतःच उच्चारतात, यांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं.

आजही तसंच चाललं होतं. "नाही." मग जरा थांबून, "नाही, अजिबात नाही." आवाज खणखणीत. मला वाटतं, माणसाचा आवाज सगळ्यात शेवटी आजारी पडतो. अंग खंगत जातं, आणि आवाज मात्र पाहुण्यांसमोर बसावं तसा नीटनेटका बसून असतो. दुरून विचारणाऱ्याला तेवढाच भेटतो.

पण यांच्या अगदी समोर, दोरीवर, यांचाच पायजमा वाळत होता. कधी नव्हे तो आज सकाळी यांनी स्वतः धुतला होता. का, ते मी विचारलं नव्हतं.

हे वळले. फोनवर हात ठेवून म्हणाले, "तुझ्याशी बोलायचंय म्हणतात. बरा आहे म्हणून सांग."

"काकू, काका खरंच ठीक आहेत ना?" सिस्टरांनी विचारलं.

मी दोरीकडे बघत राहिले. ऊन चांगलं चढलं होतं, तरी पायजम्यातून पाणी ठिबकतच होतं. तो पिळण्याइतकीही ताकद यांच्या हातांत राहिली नव्हती.